मुदत पावसाळ्यासह

कोल्हापुरात बांधकामाचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं आणि मिरगाला संपतं. साइटवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. खोदाई, पाया, भराव, डांबरीकरण, नदीनाल्यातली कामं या आठ महिन्यांत उरकायची. जून ते सप्टेंबरमध्ये छताखालची कामं धरायची, गिलावा, फरशी, वायरिंग, प्लंबिंग. गगनबावडा आणि राधानगरीकडून पाऊस उतरायला लागला की पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर रोज मोजलं जातं. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. हे दोन आकडे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असतात. तरीही सार्वजनिक कामाच्या निविदेत एक ओळ ठरलेली असते: मुदत १२ महिने, पावसाळ्यासह.

ही ओळ मी उमेदीची सगळी वर्षं वाचत आलो. आधी ठेकेदाराकडे प्लॅनिंग इंजिनिअर म्हणून, पुढे काम करवून घेणाऱ्यांच्या बाजूनं सल्लागार म्हणून. दोन्ही बाजूंना बसून काम केल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. ठेकेदाराची वेळापत्रकाची जबाबदारी काम मुदतीत पुरं करण्यापुरती नसते. काम कसं आणि कधी होणार हे आधी खरं सांगणं, आणि ते बिघडलं की त्याच आठवड्यात लिहून कळवणं, हा त्या जबाबदारीचा मोठा भाग आहे. आपल्याकडे नेमका हाच भाग दुर्लक्षित राहतो, आणि कामं रखडतात त्याचं मूळ बऱ्याचदा तिथं असतं.

नोकरीच्या सुरुवातीला राजारामपुरीतल्या एका ऑफिसात बसून मी निविदांसाठी बार चार्ट तयार करायचो. ए-थ्री कागद, डावीकडं कामांची यादी, उजवीकडं महिन्यांचे रकाने. खोदाई, पीसीसी, फूटिंग, प्लिंथ, कॉलम, स्लॅब, वीटकाम, गिलावा. आधीच्या निविदेचा चार्ट उघडायचा, कामाचं नाव आणि महिने बदलायचे, मुदतीच्या शेवटच्या महिन्यात शेवटचा पट्टा संपेल असं बघायचं, प्रिंट काढायची. भरपूर ऑफिसांत आजही असंच चालतं. एकदा मी मालकांना विचारलं, की या चार्टप्रमाणे प्लिंथचा भराव जुलैत येतोय, तो तर होणार नाही. ते म्हणाले, "चार्ट जोडायचा असतो म्हणून जोडायचा. काम आपण आपल्या पद्धतीनं करू." माणूस कामाला चोख होता, एकही स्लॅब त्यानं कधी कच्चा टाकला नाही. पण तो कागद पुढं करारनाम्याला जोडला जातो, त्यावर ठेकेदाराची सही असते, कार्यकारी अभियंत्याची सही असते, आणि वाद झाला की तोच कागद दोघांच्या पुढ्यात येतो. ज्या भरावावर दोघांचाही विश्वास नव्हता, तो जुलैत झाला नाही म्हणून मग नोटीस निघते.

सार्वजनिक बांधकाम खात्याचा कराराचा बी-१ नमुना ज्यांनी हाताळला आहे त्यांना त्यातलं दुसरं कलम माहीत असेल. एक महिन्याहून अधिक मुदतीच्या कामात पाव मुदतीत पाव काम, निम्म्या मुदतीत निम्मं, पाऊण मुदतीत पाऊण काम झालं पाहिजे, असं ते सांगतं. तसं झालं नाही तर दिवसाच्या हिशेबानं भरपाई लागते, एकूण मर्यादा अंदाजित किमतीच्या १० टक्क्यांपर्यंत. मोठ्या अर्थसहाय्याच्या कामांत आंतरराष्ट्रीय फिडिकचे करार येतात. १९९९ च्या लाल पुस्तकात काम सुरू करण्याची सूचना मिळाल्यापासून २८ दिवसांत ठेकेदारानं तपशीलवार कार्यक्रम द्यायचा असतो, आणि प्रत्यक्ष प्रगती त्याच्याशी जुळेनाशी झाली की सुधारित कार्यक्रम द्यायचा असतो. बी-१ प्रगतीचं माप हिश्शात घेतो, फिडिक ते कामांच्या क्रमात घेतो. कोल्हापूरसारख्या ठिकाणी दुसरी पद्धत जास्त खरी ठरते. एप्रिलमध्ये कार्यारंभ आदेश मिळाला तर १२ महिन्यांची पहिली पाव मुदत जूनअखेर संपते आणि दुसरी पाव सगळी पावसात जाते. ऑक्टोबरमध्ये आदेश मिळाला तर त्याच १२ महिन्यांतले पहिले आठ महिने कोरडे मिळतात. मुदत कागदावर सारखीच, प्रत्यक्षात दोन वेगळी कामं. पाव-निम्मं-पाऊणच्या हिशेबाला हा फरक दिसत नाही, क्रमवार कार्यक्रमाला दिसतो.

आणि कोल्हापूरचं काम फक्त पावसानं बांधलेलं नाही. दिवाळीच्या सुमाराला कारखान्यांची धुराडी पेटली की ट्रॅक्टर-ट्रॉल्या उसाकडं वळतात. एरवी मुरूम आणि डबर वाहणारी गाडी कारखान्याच्या करारात गुंतते, भाडं चढतं, आणि रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेत काँक्रीटची गाडी अडकते. मिक्सरमधल्या काँक्रीटला थांबायला वेळ नसतो. विजापूर-गदगकडचे सेंट्रिंगचे कामगार उगादीला गावी जातात आणि कधी परततील हे मुकादमही छातीठोकपणे सांगू शकत नाही. चैत्रात जोतिबाची यात्रा, मग गावोगावच्या जत्रा. हे सगळं दरवर्षी होतं, तारखांसकट आधी माहीत असतं. म्हणून माझं म्हणणं असं, की ऊस आणि उगादी ज्या कार्यक्रमात दिसत नाहीत तो कार्यक्रम कोल्हापूरचा नाही. तो कुठूनतरी उचललेला आहे.

आता बिघाड लिहून कळवायच्या पत्रांबद्दल सांगतो, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान तिथं होतं.

२०१९ साली मी नदीपासून फार लांब नसलेल्या एका सरकारी इमारतीच्या कामावर ठेकेदाराच्या बाजूनं होतो. कार्यारंभ आदेश मार्चअखेरच्या धांदलीत निघालेला. जागेवर विजेची एक लाइन आडवी गेलेली होती, ती हलवून मिळायला मे उजाडला. पायाचं सुधारित स्ट्रक्चरल ड्रॉइंग आलं तेव्हा मे महिना संपत आला होता. आम्ही खोदाई केली, निम्मी फूटिंग भरली, आणि पाऊस आला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक बंद पडली. आमच्या खड्ड्यात पाणी, बांधून ठेवलेल्या सळईवर गाळ, सिमेंटची गाडी महामार्गाच्या पलीकडं. शहर पाण्यात असताना मुदतीचा विचार कुणाच्या मनात येणार? आमचे कामगार शाळेत उघडलेल्या छावणीत होते, आणि पहिले दिवस त्यांना जेवण पोचवण्यात गेले. ते बरोबरच होतं.

पण पाणी ओसरल्यावर मी मालकांकडं गेलो आणि म्हटलं, मुदतवाढीचं पत्र लगेच द्यायला हवं. बी-१ च्या सहाव्या कलमाप्रमाणे अडथळा आल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी अर्ज करायचा असतो. लाइन हलवण्याचं आणि ड्रॉइंगचं पत्र मेमध्येच द्यायचं आमचं चाललं होतं, पण ते त्यांनी थांबवून ठेवलं होतं. यावेळीही त्यांचं उत्तर तेच आलं: "साहेबांना पत्र दिलं की ते रागावतात. वाटतं आपण त्यांच्या विरोधात फाइल करतोय. बिल अडकलं तर पगार कशातून द्यायचा? पूर आलाय हे काय त्यांना दिसत नाही का?"

ही भीती खोटी नाही. आपल्या भागात ठेकेदार आणि खात्याचे अधिकारी वर्षानुवर्षं एकमेकांना ओळखतात, एकमेकांच्या घरच्या लग्नाकार्याला जातात. तिथं लेखी पत्र म्हणजे तक्रार असं वाटतं. छोट्या ठेकेदाराचं सगळं भांडवल चालू कामाच्या एका आरए बिलावर उभं असतं, आणि ते बिल ज्यांच्या सहीनं निघतं त्यांना दुखवायचं धाडस त्याला होत नाही. करार हातात असून तो उघडत नाही तो या कारणानं.

मी शेवटी स्वतः उपअभियंत्यांकडं गेलो. पत्राचा मसुदा हातात होता, पण आधी बोललो. त्यांनी तो मसुदा माझ्याकडून घेतला, वाचला आणि म्हणाले, "हे द्या ना लवकर. तुमचं पत्रच नसेल तर मी वर काय पाठवू? मुदतवाढ मी माझ्या मनानं देऊ शकत नाही. अधीक्षक अभियंता विचारणार, ठेकेदारानं मागितली कधी, कारण काय, पुरावा काय. उद्या ऑडिट आलं तर माझ्या फाइलला काय आहे?" मग त्यांनी मसुद्यातली दोन विशेषणं काढायला सांगितली आणि लाइन हलवल्याची तारीख, ड्रॉइंग मिळाल्याची तारीख, पाणी शिरल्याचे फोटो, पाणी उपसल्याची नोंद, सळई पुन्हा साफ केल्याचं मोजमाप एवढं जोडायला लावलं. पुराची मुदतवाढ मंजूर झाली. ड्रॉइंगच्या विलंबाची मात्र पुरती मिळाली नाही, कारण त्याचं पत्र वेळेत गेलेलं नव्हतं आणि साहेबांना वाटूनही ते मागच्या तारखेचं करू शकत नव्हते. उरलेले दिवस ठेकेदाराच्या खिशातून गेले.

त्या दिवसापासून मी प्रत्येक तरुण इंजिनिअरला हे सांगतो: ठेकेदाराचं पत्र अधिकाऱ्याच्या विरोधात नसतं. ते त्याच्या हातात दिलेलं साधन असतं. चांगला अधिकारी मुदतवाढ द्यायला तयार असतो, पण त्याला ती द्यायला कागद लागतो. पत्रात राग नको, आरोप नको, "आपल्या दिरंगाईमुळे" असले शब्द तर मुळीच नकोत. काय घडलं, कोणत्या तारखेला घडलं, त्यामुळं कार्यक्रमातलं कोणतं काम अडलं, त्याच्या मागची कोणती कामं अडतील, आणि आम्ही काय करतोय. पाच ओळी पुरतात. सोबत साइटवर अडथळ्यांची नोंदवही हवी, आणि तिच्यात दोन्ही बाजूंच्या सह्या. ज्या साइटवर ही वही रोज भरली जाते तिथं शेवटी भांडण होत नाही, कारण भांडायला जागाच उरत नाही. फिडिकमध्येही ठेकेदाराला वाढीव मुदत किंवा पैसे मागायचे असतील तर अडथळा कळल्यापासून २८ दिवसांत सूचना द्यावी लागते, नाहीतर हक्क जातो. आपलं खातं ३० दिवस म्हणतं, ते २८ म्हणतात. आकडा जवळपास सारखाच आहे, कारण अनुभव सगळीकडं सारखाच आहे. महिना उलटला की आठवण पुसट होते, साक्षीदार बदली होऊन जातात, आणि मग ज्याच्या हातात कागद असतो त्याचं खरं ठरतं.

या विषयावर महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेलं एक प्रकरण मी नवीन लोकांना आवर्जून सांगतो. नाशिकच्या डाव्या कालव्यावर आळंदी नदी ओलांडण्यासाठी जलसेतू बांधायचा होता. हिंद कन्स्ट्रक्शन काँट्रॅक्टर्सना १९५५ च्या जुलैत आदेश मिळाला, ५ जुलैपासून १२ महिन्यांत काम पुरं करायचं. म्हणजे ऐन पावसात घड्याळ सुरू झालं. ठेकेदाराचं म्हणणं असं, की भर पावसात नदीत काम सुरूच करता येत नाही, साइटवर जायला धड रस्ता नाही, ती तारीख नावापुरती होती. मुदत संपल्यावर ऑगस्ट १९५६ मध्ये सरकारनं करार रद्द केला. प्रकरण न्यायालयांच्या पायऱ्या चढत १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. न्यायालयानं म्हटलं, की करारात एकीकडं दिवसाचा दंड आणि दुसरीकडं मुदतवाढीची तरतूद असेल, तर मुदत हा त्या कराराचा गाभाच होता असं मानता येत नाही. ठेकेदाराला वाजवी वाढीव वेळ ठरवून न देता करार मोडणं चुकीचं होतं. बांधकामाच्या वादांत हा निकाल आजही सांगितला जातो.

ठेकेदारांना तो निकाल ऐकून धीर येतो, आणि तिथंच मी त्यांना थांबवतो. १२ महिन्यांच्या कामासाठी न्याय मिळायला दोन दशकांहून जास्त काळ गेला. जुलैत घड्याळ सुरू करू नका, किंवा करत असाल तर पहिले तीन महिने जमवाजमवीचे धरा, हे पहिल्याच आठवड्यात दोन्ही बाजूंनी लिहून ठेवलं असतं तर? १९५५ चा तो प्रश्न मी आजही कोल्हापुरात बघतो. मार्चअखेर निधी खर्ची पडायला हवा म्हणून आदेश निघतो, आणि काम मात्र दसऱ्यानंतर सुरू होतं. मधले महिने मुदतीत मोजले जातात. दोघांनाही माहीत असतं, पण कुणी लिहीत नाही.

वेळापत्रक सुरुवातीला खोटं असलं की त्याचा भार शेवटी साइटवर येतो, आणि तो सगळ्यात खालच्या माणसावर येतो. दंडाची तारीख जवळ आली की दोन पाळ्या लावल्या जातात. रात्री दिव्याखाली स्लॅब भरला जातो. मग स्लॅबचे टेकू लवकर काढायची घाई. भारतीय मानक ४५६ साध्या सिमेंटसाठी स्पष्ट सांगतं: साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४, तुळई ६ मीटरपर्यंत १४ दिवस, त्यापुढं २१. हे दिवस कुठल्याही साहेबाच्या सहीनं कमी होत नाहीत. एका साइटवर सेंट्रिंगच्या मुकादमानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "सायेब, परवा प्लेटा काढा म्हणत्यात. माझी पोरं वर हाइत. मी काढणार न्हाय." मी त्याला म्हटलं, तू बरोबर आहेस, आणि सुधारित कार्यक्रमात ते १४ दिवस १४ म्हणूनच मांडले. ठेकेदाराला ते आवडलं नाही. पण वेळापत्रक लिहिणाऱ्याची पहिली निष्ठा त्या वर चढणाऱ्या पोरांशी असली पाहिजे असं मला वाटतं, आणि यात मी कधी तडजोड मानली नाही.

त्या मुकादमामुळं मी आणखी एक गोष्ट सुरू केली. ऑफिसच्या कॉम्प्युटरमधला कार्यक्रम साइटवरच्या माणसापर्यंत पोचतच नाही. हजार ओळींचा तो तक्ता बघून मुकादम मान हलवतो आणि आपल्या डोक्यातल्या क्रमानं काम करतो. मग मी आठवड्याच्या पगाराच्या दिवशी एका फळ्यावर पुढच्या तीन आठवड्यांची कामं मराठीत लिहायला लागलो. कुठला स्लॅब, कोण भरणार, कुठला माल कधी यायला हवा, कशासाठी कुणाची परवानगी राहिली आहे. सेंट्रिंगवाला, सळईवाला, प्लंबर, इलेक्ट्रिशियन सगळे त्या फळ्यापुढं उभे राहायचे आणि तिथंच बोलायचे: "त्या स्लॅबात माझ्या पाइपा टाकायच्यात, मला एक दिवस आधी सांगा." ठेकेदारानं विभागाला दिलेला शब्द पाळायचा तर आधी पोटठेकेदारांनी त्याला शब्द द्यायला हवा, आणि त्यांच्याकडून तो समोरासमोर घ्यावा लागतो. हा फळा मला कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त उपयोगी पडला.

हे सगळं साइटच्या कुंपणातच घडतं असं कुणाला वाटलं तर कोल्हापूरकरांनी पंचगंगेकडं बघावं. शिवाजी पुलाच्या शेजारी पर्यायी पुलाचं काम बरंच पुढं गेलेलं असताना थांबलं. शेजारची ब्रह्मपुरीची टेकडी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात, आणि संरक्षित स्मारकापासून १०० मीटरांत नवं बांधकाम करायला कायद्यानं बंदी. पूल अर्धवट उभा, आणि वाहतूक ब्रिटिश काळातल्या जुन्या दगडी पुलावरून तशीच सुरू. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री त्या जुन्या पुलावरून एक मिनीबस नदीत कोसळली आणि १३ माणसं गेली. नवा पूल पुढं पुरा झाला, वाहतूक सुरू झाली. मी त्या कामावर नव्हतो, त्यामुळं कुणावर बोट ठेवणार नाही. पण त्या पुलावरून जाताना दर वेळी एक गोष्ट मनात येते. काम करवून घेणाऱ्याचंही वेळापत्रक असतं, आणि त्यातली पहिली ओळ असते, जागा आणि परवानग्या. ती ओळ ठेकेदाराच्या बार चार्टच्या वर लिहिली गेली पाहिजे, तारखेसकट. परवानगी हातात नसताना सुरू झालेल्या कामाला ठेकेदार कितीही चांगला असला तरी मुदत पाळता येत नाही.

काळम्मावाडी धरणातून येणाऱ्या थेट पाइपलाइनचंही तसंच. शहरानं ज्या पाण्यासाठी कित्येक वर्षं आंदोलनं केली, त्या योजनेला २०१३ मध्ये मंजुरी मिळाली, पुढच्या वर्षी काम सुरू झालं, आणि पाणी पुईखडीला पोचलं ते नोव्हेंबर २०२३ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर. पन्नासहून अधिक किलोमीटरची लाइन, वाटेत रस्ते, शेतं, वनखात्याची जमीन, आणि धरणाच्या पोटात जॅकवेल. धरणातली पातळी उतरेल तेव्हाच तिथं काम करता येतं, म्हणजे उन्हाळ्यातले मोजके महिने. एक उन्हाळा हुकला की वर्ष गेलं. त्यात २०१९ आणि २०२१ चे महापूर, मध्ये कोरोना. अशा कामात चार महिन्यांची परवानगी उशिरा येणं म्हणजे चार महिन्यांचा उशीर नसतो, पुढच्या उन्हाळ्यापर्यंतचा उशीर असतो. वेळापत्रक ऋतूंवर मांडलं की हे पहिल्या दिवशी दिसतं. महिन्यांच्या रकान्यांवर मांडलं की शेवटी दिसतं.

उलट बाजूही आपण अलीकडंच पाहिली. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू करण्याची अधिसूचना १ ऑगस्ट २०२५ ची, आणि बेंच सुरू झालं १८ ऑगस्टला. सीपीआर रुग्णालयाजवळच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीची दुरुस्ती आणि सजावट भर पावसात काही आठवड्यांत झाली. ते नवं बांधकाम नव्हतं, त्यामुळं पूल किंवा पाइपलाइनशी त्याची तुलना करणं योग्य नाही. पण जागा रिकामी, निर्णय घेणारे अधिकारी जागेवर, आणि पैशांबद्दल शंका नाही, या तीन गोष्टी एकत्र आल्या की याच शहरातले कामगार आणि ठेकेदार किती वेगानं काम करतात, हे सगळ्यांनी बघितलं. आपल्याकडं कौशल्याची कमतरता कधीच नव्हती.

म्हणून ठेकेदार मित्रांना माझं सांगणं आहे: निविदेला जोडायचा कार्यक्रम साइट बघून, ऋतू बघून, मुकादमाशी बोलून तयार करा. महिन्याला एकदा तो सुधारा आणि विभागाला द्या. अडथळा आला की पत्र द्या, बिलाची भीती बाळगू नका. अधिकाऱ्यांना सांगणं आहे, की ठेकेदाराचं पत्र आलं तर त्याला चहा द्या आणि पोच द्या. नाराजी दाखवलीत तर पुढच्या वेळी तो लिहिणार नाही, आणि तुमची फाइल रिकामी राहील.

आणि वाचकांना एक विनंती. घर घेताना महारेराच्या संकेतस्थळावर बिल्डरनं जाहीर केलेली पूर्णत्वाची तारीख तुम्ही बघता, कारण २०१७ पासून ती जाहीर करणं त्याला बंधनकारक आहे. रस्ता, पूल, शाळा, दवाखाना हेही तुमच्याच पैशातून होतात. तुमच्या गल्लीतलं काम रखडलं असेल तर ठेकेदाराला शिव्या देण्याआधी माहितीच्या अधिकारात तीन कागद मागा: करारातला मूळ कार्यक्रम, अडथळ्यांची नोंदवही आणि मुदतवाढीचे आदेश. उशीर कुणामुळं झाला ते या तीन कागदांत सापडतं. आणि ते कागद मिळालेच नाहीत, तर उशिराचं कारण तिथूनच शोधायला सुरुवात करा.